लाल पेन्सिल

आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंगची फुलं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी पोराचे मार्क, याखेरीज सहसा काही येत नाही. पण २८ जून २०२५ ला बिहारमधल्या काही नगरपालिकांच्या निवडणुकीत लोकांनी मोबाइलवरून मतदान केलं, आणि ती बातमी दादाने ग्रुपवर टाकली. खाली माझ्यासाठी खास ओळ, "घे, तुझी सोय झाली!"

मी गुपचूप अंगठा दाखवून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. पण लिहिलं, "मला नको असली सोय." झालं! तो वाद अजून मिटलेला नाही. दादा म्हणतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करून ही बया पुराणमतवादी. वहिनी म्हणते, हिला मतदान नकोच आहे, नुसती तक्रार हवी आहे. मामा तेवढे म्हणाले, "तिला काय म्हणायचंय ते एकदा ऐकून तरी घ्या." तर मामा, घ्या ऐकून. ग्रुपवर एवढं लांबलचक कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी नऊ वर्षं नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहते. पासपोर्ट भारताचाच. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि माझ्यासारख्यांना आपल्या गावच्या मतदार यादीत नाव घालायची मुभा मिळाली. मी हौसेने घातलं. पण अट अशी की मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर उभं राहायचं. ७ मे २०२४ ला साताऱ्यात लोकसभेचं मतदान होतं. मंगळवार. आमचं गाव कराडजवळ. आईने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला तेव्हा मी इथे ऑफिसात एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये बसले होते. त्या निवडणुकीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवलेले सुमारे १ लाख १९ हजार लोक होते, आणि प्रत्यक्ष जाऊन मत दिलं ते तीन हजारांच्या आत. त्यातलेही बहुतेक केरळचे. म्हणजे हक्क आहे, पण विमानाच्या तिकिटाएवढा महाग.

मध्ये एकदा बदली मतदानाचा, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचा, प्रस्ताव आला होता. ते विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूरही झालं आणि पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. बारगळलं ते एका अर्थी बरंच झालं. माझं मत दादाने दिलं असतं, आणि दादा माझं मत कुणाला देईल याची मला शंभर टक्के खात्री आहे :)

तर, मोबाइल मतदान आलं तर पहिला फायदा माझा. आणि तरीही मी नको म्हणतेय. का?

गंमत म्हणजे ज्या देशाची मी नागरिक नाही, तिथे मी मत दिलेलं आहे. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं सलग कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसालाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. मार्च २०२२ मध्ये घरी टपालाने मतदानाचा पास आला. मला वाटलं, आता वेबसाइट असेल, पासवर्ड असेल. कसलं काय! शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, त्यामागे दोन आजोबा आणि एक आजी. ओळखपत्र बघून त्यांनी हातात जो कागद दिला तो आपल्या जेवणाच्या टेबलावर अंथरता आला असता. सगळ्या पक्षांच्या सगळ्या उमेदवारांची नावं, प्रत्येकापुढे एक छोटा गोल. आडोशाला गेले, तर तिथे एक लाल पेन्सिल ठेवलेली. त्या पेन्सिलीने एक गोल रंगवायचा, कागदाची घडी घालायची (ती काही केल्या नीट बसेना) आणि पेटीत टाकायचा. संपलं मतदान. जगभर चिप बनवायची यंत्रं पाठवणारी कंपनी आमच्या शेजारच्याच गावात आहे, आणि मत द्यायला लाल पेन्सिल!

मला वाटलं, हे लोक जुन्याला चिकटून बसलेत. नंतर कळलं, तसं नाही. हे लोक पुढे जाऊन परत आलेत. इथे बरीच वर्षं मतदान यंत्रं होती. २००६ मध्ये 'आमचा मतदान यंत्रांवर विश्वास नाही' असंच नाव असलेल्या एका गटाने ते यंत्र मिळवलं, उघडलं, त्यातली चिप बदलून दाखवली आणि पुढे जाऊन त्या यंत्रावर चक्क बुद्धिबळ खेळून दाखवलं. परदेशात राहणाऱ्या डच लोकांना २००४ आणि २००६ मध्ये इंटरनेटवरून मत देता आलं होतं, तेही २००८ मध्ये सुरक्षेच्या शंकेवरून बंद केलं. यंत्रंही गेली. २०१७ च्या संसदीय निवडणुकीआधी तर बेरजा करायच्या सॉफ्टवेअरबद्दल शंका आली, तेव्हा मंत्रिमहोदयांनी फर्मान काढलं की मोजणी हाताने करा. या लोकांना कॉम्प्युटर कळत नाही असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता दादाचा पेटंट मुद्दा : "बँकेचे लाखो रुपये मोबाइलवरून फिरवतेस, मग एक मत देताना काय होतं?"

दादा, नीट वाच. बँक चालते कारण बँकेला सगळं माहीत असतं. कुणी, कधी, किती, कुणाला. चूक झाली तर आपण स्टेटमेंट काढतो, भांडतो, पैसे परत मिळवतो. मताचं बरोबर उलटं आहे. मत दिलं कुणी हे माहीत हवं, पण काय दिलं हे कुणालाच माहीत नको, यंत्रणेलाही नको. नाव आणि मत यांच्यातला धागा तोडायचा, आणि तरीही प्रत्येक मत बरोबर मोजलं गेलं हे सिद्ध करायचं. तुझ्या खात्यातून हजार रुपये गेले तर तुला कळतं. तुझं मत वाटेत बदललं तर तुला कसं कळणार? आणि कळावं म्हणून पावती दिली, तर तीच पावती उद्या मत विकत घेणारा मागेल.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०१० मध्ये वॉशिंग्टन डी.सी. ने परदेशात असलेल्या आपल्या मतदारांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच, इंटरनेट मतदान बनवलं. प्रामाणिकपणा असा की खऱ्या निवडणुकीआधी त्यांनी एक लुटुपुटूची निवडणूक ठेवून लोकांना सांगितलं, या, फोडून दाखवा. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि त्यांचे विद्यार्थी आले. ४८ तासांच्या आत सगळी यंत्रणा त्यांच्या ताब्यात होती. पडलेली सगळी मतं त्यांनी बदलली. वर मत दिल्यावर जे 'धन्यवाद' चं पान येतं, त्यावर आपल्या विद्यापीठाचं गाणं वाजेल अशी सोय करून ठेवली! अधिकाऱ्यांना हे कळायला जवळजवळ दोन दिवस लागले, आणि तेही कुणीतरी त्या संगीताबद्दल विचारलं म्हणून. गाणं वाजवलं नसतं तर? ज्याला खरोखर निवडणूक चोरायची आहे तो गाणं कशाला वाजवेल?

एस्टोनियाचं उदाहरण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर दादा कॉमेंटमध्ये सांगेलच. तेरा-चौदा लाख वस्तीचा हा देश २००५ पासून इंटरनेटवरून मतदान घेतोय. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. प्रत्येकाकडे चिप असलेलं ओळखपत्र, त्याचे दोन पिन. एक पिन ओळख पटवायला, दुसरा सही करायला. टपाली मतासारखीच रचना आहे : मत आतल्या पाकिटात, नाव बाहेरच्या पाकिटावर, आणि मोजणीआधी बाहेरचं पाकीट काढून टाकायचं. मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे मत बदलता येतं. कुणी बळजबरीने तुमच्याकडून मत देऊन घेतलं, तर रात्री एकटे असताना पुन्हा द्या. शेवटचं मत मोजतात. नाहीतर केंद्रावर जाऊन कागदावर द्या, ऑनलाइन दिलेलं रद्द होतं.

कौतुक आहेच. पण त्याच देशात २०१७ मध्ये निघालं की साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष आहे आणि त्यांची किल्ली तोडता येऊ शकते. सगळी प्रमाणपत्रं स्थगित करून नवी द्यावी लागली. त्यांना ते जमलं, कारण लहान देश, एकच ओळखपत्र, आणि सरकारी कामं वर्षानुवर्षं ऑनलाइन करायची सवय. आपल्याकडे २०२४ मध्ये मतदारच ९६ कोटींच्या वर होते.

असो. हॅकिंगचं मी बाजूला ठेवायला तयार आहे. समजा उद्या कुणीतरी हुशार मुलाने अभेद्य अ‍ॅप बनवलं. तरी माझं म्हणणं तेच राहील. त्याचं कारण आमची आजी.

आमचे आजोबा गावातले एका पक्षाचे कट्टर. मतदानाच्या दिवशी सकाळी ओसरीवर उभं राहून घरातल्या सगळ्या बायकांना चिन्ह सांगायचे. आजी, मोठी काकू, आई, धाकटी काकू, सगळ्या पदर घेऊन रांगेने शाळेत जायच्या. आजोबांना कधी शंकाही आली नाही. आजोबा गेल्यावर दोन-तीन वर्षांनी, मी कॉलेजला असताना, आजी शेंगा फोडता फोडता सहज म्हणाली की तिने त्यांच्या चिन्हावर कधीच शिक्का मारला नव्हता. मी थक्क! म्हटलं, आजोबांना कळलं असतं तर? आजी म्हणाली, "कसं कळंल? शिक्का मारायला आत माझ्यासंगं कोन हुतं?"

आजीचं स्वतःचं असं घरात काही नव्हतं. पेटीची किल्लीसुद्धा आजोबांच्या कमरेला. पण दर काही वर्षांनी सरकार तिला मिनिटभरासाठी एक जागा देत होतं जिथे नवरा, सासरा, दीर, कुणीही येऊ शकत नव्हतं. मतदान केंद्राचा तो गोणपाटाचा पडदा म्हणजे माझ्या आजीची या देशातली एकमेव खाजगी जागा. आता मला सांगा, त्या काळात मोबाइल मतदान असतं तर काय झालं असतं? आजोबांनी ओसरीवर बसून एकेकीचा फोन मागवला असता.

"तो काळ गेला," असं वहिनी म्हणेल. वहिनी, तूच मला हसत हसत सांगितलं होतंस ना, तुमच्या सोसायटीतलं? रंगकामाचं कंत्राट कुणाला द्यायचं याचं ऑनलाइन मतदान ठेवलं, आणि कमिटीतले एक गृहस्थ घरोघरी फिरून म्हाताऱ्या मंडळींना म्हणत होते, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता, आलेला ओटीपी तेवढा सांगा." आणि काकू सांगत होत्या. पुण्यात, शिकलेल्या लोकांच्या सोसायटीत, नुसत्या रंगासाठी.

आणि याहून मोठी गोष्ट. आमच्या शिवारात दरवर्षी ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या येतात. लहानपणी त्यांच्या कोप्या आमच्या रानाच्या कडेलाच असायच्या. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडत राबायचं. २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला आणि गाळप हंगाम सुरू होणार होता त्याच महिन्यात. मत गावाकडे, माणसं फडात. ऑनलाइन मतदानाची गरज जर कुणाला माझ्यापेक्षा जास्त असेल तर ती या लोकांना. मला नुसतं तिकीट महाग पडतं, त्यांचा दिवसाचा रोज बुडतो.

पण मग पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणा. टोळीत पंधरा-वीस कोयते, सगळ्यांवर उचल, आणि मतदानाच्या दिवशी मुकादम म्हणतो, आणा रे फोन इकडे. कोण नाही म्हणेल? रात्री एकटं बसून मत बदलायची एस्टोनियाची युक्ती कोपीत कशी चालेल, जिथे फोनच मुकादमाच्या ओळखीने घेतलेला असू शकतो? ज्याला या सोयीची सर्वात जास्त गरज आहे, त्याच्याच हातून मत सर्वात सहज काढून घेता येईल. मी कितीही विचार केला तरी मला या गाठीतून वाट सापडत नाही, आणि माझ्या 'नको' चं खरं कारण हेच आहे.

अजून एक मुद्दा, आणि मग संपवते. निवडणूक जिंकलेल्या माणसाला पुरावा लागत नाही. पुरावा लागतो हरलेल्याला. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या काही ग्रामस्थांनी यंत्रावर शंका घेऊन स्वतःच कागदी मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं होतं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्यांची शंका खरी की खोटी, यात मी पडत नाही. पण आपलं यंत्र इंटरनेटला जोडलेलं नसतं, त्यातून चिठ्ठी पडताना सात सेकंद दिसते, तरी गावच्या गाव शंका घेतं. उद्या मत कुठल्या सर्व्हरवर गेलं हेच दिसणार नसेल तर त्या गावाला काय दाखवणार? २००९ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तिथल्या मतदान यंत्रांच्या वापराविरुद्ध निकाल दिला, तेव्हा कसोटी हीच लावली होती : मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञान नसताना तपासता आले पाहिजेत. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, तरी निवडणुकीचं अ‍ॅप बरोबर आहे की नाही हे मी दादाला पटवून देऊ शकणार नाही. पेटीतल्या कागदांची मोजणी मात्र दादा स्वतः उभा राहून बघू शकतो.

मग मला मत नकोच का? हवंय हो! गेल्या नऊ वर्षांत प्रत्येक निवडणुकीला जीव तुटलाय. पण मत माझ्या फोनमध्ये येण्यापेक्षा पडदा माझ्या जवळ यावा असं मला वाटतं. २०२४ ला आमच्या आत्याने, वय वर्षं ८८, घरी मत दिलं. ८५ च्या पुढच्यांसाठी आणि दिव्यांगांसाठी ती सोय होती. पथक घरी आलं, टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, आणि अधिकाऱ्यांनी आत्याच्या मुलाला सांगितलं, तुम्ही जरा बाहेर थांबा. आत्या अजून ते अभिमानाने सांगते. स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत दूरस्थ मतदान यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. इंटरनेट नसलेलं, एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच अडलं. शंका सोडवाव्यात, पण कारखान्याच्या गावात आडोसा आणि यंत्र, मुकादम बाहेर, ही कल्पना मला अ‍ॅपपेक्षा शंभर पटींनी बरी वाटते. आणि आमच्यासाठी हेगच्या वकिलातीत एक पेटी ठेवा. दीड-दोन तास ट्रेनने जायला मी आनंदाने तयार आहे, डबाही घरचा नेईन.

खर्च येईल, वेळ लागेल, मान्य. दादा म्हणतो तसं टक्केवारीही कदाचित अ‍ॅपने जास्त वाढेल. पण वाढलेल्या टक्क्यात आजीचं मत आजीचं असेल की आजोबांचं, हे मला आधी कुणीतरी सांगा.

बाकी दादा, तू याच्यावर कॉमेंट लिहिशीलच. लिही. पण लिहिण्याआधी एकदा आईला विचार, ओसरीवरून निघालेल्या त्या रांगेत तीही होती, तिने तेव्हा शिक्का कुठे मारला होता. मी विचारलं होतं. नुसती हसली आणि म्हणाली, "भाजी करपतेय, ठेवते फोन."